विणकामाची पिशवी

बायको लेकीच्या बाळंतपणाला डेहराडूनला गेली, ती तीन महिन्यांसाठी. त्याला आता वर्ष होत आलं. लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली, नातवाला सांभाळायला दुसरं कुणी नाही, आणि मला सोलापुरातलं सात रस्ता चौकाजवळचं वह्या-पुस्तकांचं दुकान सोडून हलता येत नाही.

जाताना ती विणकामाची पिशवी इथंच ठेवून गेली. आत माझा विटकरी स्वेटर, बाह्या राहिलेला. शिवाय नमुन्यांची वही. दर पानावर एकेक नमुना, कुठं वेणीचा, कुठं जाळीचा, ‘दोन सुलट, दोन उलट’ असा लिहिलेला, आणि कोपऱ्यात त्या लोकरीचा तुकडा बांधलेला. मोरपंखी लेकीच्या स्वेटरचा, लिंबूरंगी होणाऱ्या बाळाच्या टोपड्याचा. सोलापुरात थंडी ती किती, जेमतेम दीड महिना. पण हिच्या सुया भर उन्हाळ्यातही थांबायच्या नाहीत. मांडीवर लोकर घेऊन बसलेली बघूनच मला घाम फुटायचा आणि मी खेकसायचो. आता खेकसलो तरी ऐकायला घरात कुणी नाही.

दिवाळीनंतर तिनं पिशवी कुरियरनं मागवली. मी महिनाभर टाळाटाळ केली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पिशवी इथं आहे तोवर ती तिथली पाहुणी. सुया तिकडं गेल्या की तिचं घर तिकडंच झालं.

शेवटी ती फोनवर म्हणाली, “बाळ झोपलं की हात नुसते मांडीवर पडून ऱ्हात्यात. हितं बोलायला बी कुणी न्हाय.”

मला माझीच लाज वाटली. त्याच दिवशी पिशवी धाडली.

पिशवी पोचल्यावर तिचा फोन आला. “तुमच्या बाहीचं माप सांगा की.”

“एकट्याला कसं घेता येईल?”

“जुना स्वेटर मोजा.”

“तो देऊन टाकला,” मी म्हणालो. जुना स्वेटर माझ्या अंगातच होता. “माप घ्यायला तू ये. मला आता करमत नाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच बोललो.

“मग ऱ्हाऊ देते बाह्या,” ती म्हणाली. “घरी आल्यावरच करते.”