ओढा कुणाच्या हद्दीत

बांगड्या भरायला बसलेली बाई मध्येच उठून जाऊ शकत नाही. तिचा हात माझ्या हातात असतो, अंगठ्याच्या सांध्यावर बांगडी अडलेली असते आणि मी जे बोलेन ते तिला ऐकावंच लागतं. आमच्या धंद्यातलं हे मोठं सुख आहे. नगरपालिकेत मला कुणी खुर्ची दिली नसती आणि ग्रामपंचायतीत तर मी परकी. पण श्रावणात, नवरात्रात, लग्नसराईत दोन्हीकडच्या बायका माझ्यासमोर पाटावर बसतात, आणि तिथली सभा मी चालवते.

तळेगावाहून लोणावळ्याकडे निघालं की मध्येच आमचं शहर लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर ओढ्याच्या दोन्ही काठांवरून लोक दुकानात भांडायला येतील आणि गिऱ्हाईक बिथरेल. शहर म्हणजे बाजारपेठ, स्टेशन आणि हल्ली उगवलेल्या सोसायट्या. ते संपतं तिथे ओढा आणि ओढ्यापलीकडे गाव. गावात भाताची खाचरं अजून शाबूत आहेत, पण पोरं नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांत नाहीतर उर्से टोलनाक्यावर कामाला जातात.

आता गंमत बघा. आम्हा शहरातल्या मुसलमानांचं कब्रस्तान ओढ्यापलीकडे, गावाच्या हद्दीत. आणि गावाची स्मशानभूमी ओढ्याच्या अलीकडे, शहराच्या हद्दीत. असं कुणी आणि कधी ठरवलं ते दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. गावचं माणूस गेलं की ते शहरात येणार आणि आमचं गेलं की ते गावाला जाणार. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात ओढा फुगला की वाट बंद. हायवेने वळसा घालावा तर गावाकडे वळणारी सडक गावापाशीच संपते, पुढे कब्रस्तानापर्यंत चिखलातून बांधाबांधाने जावं लागतं, आणि इकडे स्मशानापर्यंतही तीच गत. तिथे रिकाम्या हाताचा माणूससुद्धा घसरतो.

अम्मा गेली ती आषाढात. आमच्यात बायका जनाज्याबरोबर जात नाहीत, म्हणून मी ओढ्याच्या काठावरच थांबले होते. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पलीकडून गावची माणसं दोर घेऊन आली, तीही पाण्यात शिरली. मध्यावर एकाचा पाय सरकला आणि जनाजा एका अंगाला कलला. लगेच सावरला त्यांनी, पण तो कललेला मी पाहिला. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. घरी येऊन मी अशी भांडी आपटली की समजूत काढायला आलेल्या बायका दारातूनच परत गेल्या.

अब्बांनी सगळी उमर डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन मावळातली गावं पालथी घातली. त्यांची भाषाही त्यामुळे गावाकडचीच राहिली. अम्मा गेल्यापासून दर शुक्रवारी नमाज झाली की ते तिच्या कबरीवर फातिहा पढायला जात. पावसाळ्याचे चार महिने मात्र या काठावरच छत्री धरून उभे राहत आणि तिथूनच पढत. पाण्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, नुसते ओठ हललेले दिसायचे. गुडघे दुखायचे, तरी बसायचे नाहीत.

अशाच एका शुक्रवारी घरी येऊन त्यांनी मला समोर बसवलं.

"मला पावसाळ्यात काय झालं तर पाण्यातनं नेऊ नका. तुज्या अम्माचं झालं तेवढं बास."

"बरं. शहरात दुसरीकडे जागा बघू मग."

"दुसरीकडं न्हाई. तिच्याजवळच."

म्हणजे पाण्यातून न्यायचं नाही आणि दुसरीकडे ठेवायचं नाही. पूल बांधण्यावाचून इलाज नव्हता. त्यांचं वय बघता घाईही होती.

आधी मी नगरपालिकेत गेले. तिथले साहेब गोड बोलले. म्हणाले, ओढा गावाच्या हद्दीत येतो, तुम्ही ग्रामपंचायतीला भेटा. मग अब्बांना घेऊन ग्रामसभेला गेले. तिथे एक आजोबा उठून म्हणाले, "शहराचं सगळं सांडपाणी त्या वढ्यात येतंय. मग वढा त्यांचाच न्हाई का?" सभेला ते एकदम पटलं. टोलवाटोलवीचा हा खेळ मी पुष्कळ वेळा पाहिला. खरी गोष्ट अशी की शहरवाल्यांना वाटे, गावाच्या प्रेतांसाठी आपण का खर्च करायचा, आणि गावाला वाटे, शहराच्या मयतांसाठी आपण का? शेवटी माझं डोकं फिरलं. भर सभेत मी ओरडले, "आणि तुमचं मढं काय विमानानं जातं व्हय पलीकडं?" सगळे पोट धरून हसले, चहा आला आणि घोंगडं पुन्हा भिजत पडलं.

मग नवरात्र तोंडावर आलं. गावाची सरपंच माझ्या दुकानात आली. गावात दिलेली तरुण सून, शिकलेली, स्वभावाने चांगली, पण हात भलताच कडक. मी तिचा हात दाबून दाबून मऊ केला, हिरव्या बांगड्यांतली पहिली अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आणली आणि तिथे थांबले.

"सरपंचबाई, एक विचारू का?"

"विचारा की मावशी. आई गं, जरा हळू."

"ओढ्यावर उद्या शहरवाल्यांनी पूल बांधला, तर पाटी कुणाच्या नावाची लागेल?"

हात एकदम ताठ झाला. "शहरवाले बांधत्यात? कवा?"

"मला काय माहीत बाई? मी आपली बांगड्या विकते. हात सैल सोड, नाहीतर वाढेल."

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती वाढली नाही. पण सरपंचबाई नेहमीसारख्या गप्पा न मारता, घाईने नमस्कार करून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात आमच्या प्रभागाची नगरसेविका आली. तिचा हात मऊ आहे, बांगडी सरसर जाते, म्हणून मी मुद्दाम एक माप लहान घेतलं.

"ताई, ओढ्यावर पुलाचा नारळ गावाने आधी फोडला, तर आपल्या प्रभागातले लोक काय म्हणतील हो?"

"कोण म्हणतं गाव फोडणार आहे?"

"म्हणत कोणीच नाही. मी सहज विचारलं."

यात मी एक अक्षर खोटं बोलले नाही. फक्त विचारलं. विचारायला बंदी आहे का?

पुढे जे झालं ते आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. इतकी वर्षं ओढा दुसऱ्याचा म्हणून हात वर करणारे आता तो आपलाच म्हणून इरेला पेटले. दुसऱ्याच्या आधी नारळ फुटला पाहिजे म्हणून दोन्हीकडे गुपचूप तयारी सुरू झाली. दोघींनीही जवळात जवळचा चांगला मुहूर्त काढला. पंचांग दोन्हीकडे एकच, आणि दसरा काही शहराचा वेगळा आणि गावाचा वेगळा नसतो. सकाळी बघते तर ओढ्याच्या या काठावर मांडव आणि त्या काठावरही मांडव! इकडे भूमिपूजन, तिकडे भूमिपूजन. मध्ये गुडघाभर पाणी. दोन्हीकडचे भोंगे एकमेकांवर ओरडत होते.

मी शेजारणीला बोलावून आणलं. असा तमाशा रोज थोडाच बघायला मिळतो!

इकडे साहेबांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की हा ओढा नगरपालिकेच्या हद्दीत असून ही जबाबदारी आमचीच आहे. पलीकडून सरपंचबाईंचा आवाज आला, "हा वढा आमच्या गावच्या शिवंत पूर्वीपासनं हाय." टाळ्या दोन्हीकडे वाजल्या. एकाच वेळी दोन नारळ फुटले. पेढे वाटायला सुरुवात झाली.

तेव्हा अब्बा काठी टेकत पुढे झाले. गर्दीने वाट दिली. मला वाटलं, आता हे काही लागट बोलणार आणि सगळं नासणार.

"साहेब, वढा तुमचा न्हवं?"

साहेबांच्या हातात अजून माइक होता. "हो चाचा, आमचाच."

अब्बांनी तोंड पलीकडे वळवलं आणि बांगड्या विकताना गल्लीत द्यायचे तशी हाळी दिली. "सरपंचबाई! वढा तुमचा न्हवं?"

"व्हय आबा! आमचाच!"

"मग लय ब्येस झालं. दोगांचा हाय तर दोगं मिळून बांधा. आमाला एकच पूल पायजे, दोन काय करायचेत?"

 मग पलीकडच्या मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं आणि ते हसू पाणी ओलांडून इकडे आलं. साहेबांनी माइक खाली ठेवला. बोललेलं सगळ्या शहराने ऐकलं होतं, नारळ फुटून गेले होते, आता ओढा दुसऱ्याचा म्हणायची सोय उरली नव्हती. सरपंचबाईंनी नऊवारीचा ओचा खोवला आणि सरळ पाण्यात उतरल्या. इकडून नगरसेविकेने हात देऊन त्यांना काठावर ओढून घेतलं. दोघींच्या हातांत माझ्याच दुकानातल्या बांगड्या होत्या. हे मी शेजारणीला लगेच सांगितलं आणि नंतर भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढचं सोपं गेलं असं मात्र नाही. शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंच्या बैठका झाल्या. खर्च निम्मा-निम्मा यावर एकमत झालं, पण दिव्यांचं बिल कुणी भरायचं यावर चहाचे कप आदळले. शेवटी दिवे शहराचे आणि देखभाल गावाची असं ठरलं. पाटीवरून तर मारामारीच व्हायची. तिचा तोडगा नगरसेविकेने काढला. दोन्ही टोकांना एकेक पाटी, मजकूर एकच, फक्त गावाच्या बाजूला गावाचं नाव आधी आणि शहराच्या बाजूला शहराचं. इतक्या साध्या गोष्टीवर मोठमोठ्या बाप्यांचे चेहरे उजळले.

पुलासाठी नेमलेला इंजिनिअर मुलगा मला फार आवडला. त्याने आराखडा फळ्यावर न ठेवता सगळ्यांना मैदानात नेलं, चुन्याने पुलाची रुंदी आखली आणि म्हणाला, "खांदा देऊन चालून दाखवा." कुणीतरी एक बाज आणली. दोन खांदे गावचे, दोन शहरातले. पहिल्या फेरीत खांदेकऱ्यांचे पाय चुन्याबाहेर पडले. त्याने रेघ सरकवली. पुन्हा चालले. गावातल्या एका टारगटाने अब्बांना बाजेवर बसायचा आग्रह केला तेव्हा अब्बांनी त्याच्यावर काठी उगारली. त्या दिवशी मी तिथे उभी राहून इतकी खूश होते की मला स्वतःचीच लाज वाटली. माणसं मढी न्यायची तालीम करत होती आणि माझ्या पोटात आनंद मावत नव्हता.

मग नगरपालिकेच्या सभेत आणि ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव आला. ग्रामसभेत मी मागे भिंतीला टेकून उभी होते. हात वर करायला सांगितलं तेव्हा सांडपाण्याचा हिशेब मांडणारे ते आजोबा सगळ्यांत आधी हात वर करून बसले. माझं मत तिथे चालत नाही, पण माझाही हात वर गेला. कुणी काही म्हणालं नाही.

पावसाच्या आत स्लॅब टाकून झाला, कठडे लागले, दिवे लागले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. उद्घाटनाला फिती, भाषणं, पेढे सगळं झालं. अब्बा मात्र गेले नाहीत. उन्हाळ्यात वढा काय पोरंबी वलांडत्यात, म्हणाले.

आषाढातल्या एका शुक्रवारी ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. नमाजेनंतर अब्बा टोपी नीट करून निघाले, मीही छत्री घेऊन बरोबर. पुलावर त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. मध्यावर थांबून कठड्यावरून खाली वाकून बघितलं.

"बघ, खालनं चाललंय," ते म्हणाले. जणू पाण्याची खोड मोडली होती.

पलीकडे खाचरांत भातलावणी चालली होती. एका बाईने कंबर सरळ करत विचारलं, "आबा, पावसाचं कुटं निगालात?"

"घरवालीकडं!" अब्बांनी ओरडून सांगितलं.

मी कब्रस्तानाच्या दाराशी थांबले. ते आत गेले, फातिहा पढले आणि मग छत्री धरून कबरीशेजारच्या दगडावर बसून राहिले. बराच वेळ बसले. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली, पण मी हाक मारली नाही. माझे डोळे भरून आले होते. पुरुष दोर धरून पाण्यात उतरले होते त्या दिवशी न आलेलं रडू आत्ता येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा टवटवीत होता. मी विचारलं, "एवढा वेळ काय करत होता अब्बा?"

"बोलत होतो. पावसाळ्यात इतक्या जवळनं कवा बोलायला मिळालं?" पुलाच्या तोंडाशी ते थांबले. "आन आइक. ते पाण्यातनं नेऊ नका म्हणालतो न्हवं, ते आता इसर. एवड्यात मरायचा माजा इचार न्हाई. आता तर कुटं रस्ता झालाय."

मी इतक्या मोठ्याने हसले की खाचरातल्या बायका लावणी थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या.