जीपमधून पाहिलेला बर्फ

लोहाऱ्याला जाणारी जीप धाराशिवच्या स्टँडबाहेर भरायची वाट बघत थांबली होती. तेवढ्यात मीटिंग उरकावी म्हणून मी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि मोबाइलचं नेट जोडलं. नॉर्वेतली माझी सहकारी बोलू लागली. तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. माझ्या शेजारी बसलेल्या, शेतावर परत निघालेल्या आजी टक लावून तेच बघत होत्या.

"कापूस उडायलाय का गं तिथं?"

"बर्फ आहे, आजी. आत्ता पडतोय."

"आत्ता? ह्या घडीला?"

मी हे सहकारिणीला सांगितलं. ती हसली, उठली आणि खिडकी उघडून तिनं लॅपटॉप बाहेर धरला. झाडं, छपरं, रस्ता, सगळं पांढरं होत होतं. बर्फ पडताना मीही कधी असा थांबून पाहिला नव्हता.

आजींनी पुढं वाकून स्क्रीनला कान लावला.

"एवढं पडायलंय, अन् जरासुदिक आवाज न्हाय!"

जीपमधलं बोलणं थांबलं. ड्रायव्हर मागं वळून बघत राहिला. जीप केव्हाच भरली होती, बाहेर ऊन तापत होतं, पण निघा असं कुणीच म्हणेना.