डावऱ्या हाताचं सारवण

सहा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी साडेनऊ. फरशीच्या मिस्त्रीला मी चार हजार रुपये आगाऊ दिले. हजर चौघं: मिस्त्री, मी, माझी बायको आणि आदल्या संध्याकाळी कॅनडाहून आलेली माझी थोरली चुलतबहीण. खोली मागची, अकरा बाय नऊ, घरातली शेवटची मातीची जमीन. सारवून गुडघे दुखत, म्हणून बायको सहा वर्षं फरशी मागत होती आणि तिचं बरोबर होतं.

"मला ही जमीन आठ दिवस दे," बहीण म्हणाली.

"ताई, सोमवारी हात लावला नाही तर मी गणपतीपुळ्याला हॉटेलच्या कामावर. मग थेट मे महिना," मिस्त्री म्हणाला.

म्हणजे चार दिवस.

बहीण तिकडे तीस वर्षं चित्रं काढते. चित्रात माणूस नाही, झाड नाही. मातकट रंगाच्या, एकात एक गेलेल्या कमानी, बस. ती शेणाने सारवलेल्या जमिनीवरची हाताची वळणं आहेत, हे तिने सांगितल्यावर मला दिसलं. तिची आई, म्हणजे माझी काकू, हीच खोली सारवायची. बहिणीला मात्र अभ्यासाला बसवलेलं, तिने कधी शेणात हात घातला नव्हता. गेली दोन वर्षं तिचं मनगट दुखत होतं, कमान मध्येच तुटत होती आणि एकही चित्र पुरं झालं नव्हतं. एकदा तरी ही जमीन आपल्या हाताने सारवायची, असं ठरवून ती आली होती.

शिकवायला त्याच दिवशी शेजारच्या मावशींना बोलावलं. वय पंच्याहत्तर. मजुरी मी आधीच ठरवली: दिवसाला चारशे.

बहिणीने दारापासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासात समोरच्या कोपऱ्यात अडकली. पुढे भिंत, मागे ओलं सारवण.

"आता भायेर कशी येशील गो? उडून?" मावशी दारातून म्हणाल्या. "कोपऱ्यातनं दाराकडं यायचं. मागं मागं."

"वन्सं, गुडघ्याखाली पोतं घ्या," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

शुक्रवारी वाळलेल्यावर पुन्हा हात फिरला. कमान तुटलीच. मनगट सुजलं. दुपारी बहिणीने मावशींना फोनवर आपली चित्रं दाखवली. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"हे तुझ्या आयशीचं सारवण."

"तिचंच आठवून काढते."

"काढतंस उजव्या हातानं. ती डावरी होती. जेवताना सासूनं उजवा लावला तिला. सारवताना कोण बघतंय?"

बहिणीने फोन खाली ठेवला आणि सुजलेलं मनगट उलटंसुलटं फिरवून पाहिलं. तीस वर्षं ती डाव्या हाताची वळणं उजव्या मनगटाने काढत होती, मनगट उलटं वळवून. तिकडचे जाणकार त्याला तिची खास शैली म्हणत, असं तिने मला नंतर सांगितलं.

शनिवारी सकाळी तिने शेणाची बादली डावीकडे ठेवली. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं. त्या दिवशी तिने खोली तीनदा सारवली आणि तीनदा मावशींनी मान हलवली. मी म्हटलं, ताई, पुरे. ती म्हणाली, उद्याचा दिवस आहे. रविवारी ती पहाटेच बसली. उजवा हात पाठीशी पदराने बांधला होता, मध्येच पुढे येऊ नये म्हणून. अकराच्या सुमाराला ती उंबऱ्यापर्यंत आली. कोपऱ्यापासून दारापर्यंत एकही कमान तुटलेली नव्हती.

मावशी वाकून बघत राहिल्या. "आली," एवढंच म्हणाल्या.

बायको मला हळूच म्हणाली, मे महिन्यापर्यंत थांबू या का? बहिणीने ऐकलं. "नको, वहिनी. मला हवं होतं ते हातात आलं. तुमचे गुडघे सांभाळा." सोमवारी फरशीची ओळ सरळ यावी म्हणून मिस्त्रीला दोरी धरायला तीच उभी राहिली.

मिस्त्रीचा हिशेब नव्याण्णव चौरस फुटांचा, एकशेऐंशीच्या दराने, सतरा हजार आठशे वीस झाला. आगाऊ वजा जाता तेरा हजार आठशे वीस दिले. मावशींचे चार दिवसांचे सोळाशे. बहीण पाच हजार देत होती, ते त्यांनी घेतले नाहीत. सोळाशे मोजून घेतले आणि त्यातले दोनशे माझ्या हातावर परत ठेवले.

"शुक्रवारी दुपारनंतर काम कुठं झालं? नुसतं बोलतच होतो."

मावशींना चौदाशे.