चार ओळी आत जाईपर्यंत

इंजिनिअरिंग संपवून मी हिंगोलीला परत आले तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती, आणि शेजारच्या काकूंना ते रोज नव्याने आठवत असे. "काय करून राहिलीस गं दिवसभर आतमधी?" त्या ओट्यावरून विचारायच्या. मी "काम" म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

मी एका कंपायलरवर काम करत होते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा सूचनांमध्ये बदलतो तो कंपायलर. हा सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही कुठेही बसून त्यात बदल सुचवावा, जुनी माणसं तो तपासतात आणि पटला तर आत घेतात. पगार नाही. त्यात एके ठिकाणी प्रोग्रॅममधली चूक दाखवणारी खूण एक शब्द पुढे पडत होती. ती जागेवर आणणाऱ्या चार ओळी मी लिहिल्या, सोबत एक छोटी चाचणी. मुलाखतीत दाखवायला उपयोग होईल, असं आईला सांगितलं. खरं तर मला एवढंच हवं होतं की त्या ओळी आत जाव्यात. कॉलेज सुटल्यापासून मी लिहिलेलं कुणी काही वाचलं नव्हतं.

सहा दिवसांनी तपासणाऱ्याचं उत्तर आलं. बदल चांगला आहे, असं म्हणून त्याने खाली दोन जागी एकेक बारीक सूचना केली होती, आणि प्रत्येकीच्या आधी तीन अक्षरं लिहिली होती: एन, आय, टी.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. फोनवर मराठी मी इंग्रजी अक्षरांतच लिहिते. बाबांना 'नीट जा' लिहितानाही हीच तीन अक्षरं. त्यामुळे मला ते 'नीट' असंच ऐकू आलं. नीट कर. अर्थ शोधला तर निघाला लीख, उवेचं अंडं. किरकोळ दुरुस्ती, असा त्यांच्यातला वापर. पण कानात बसलेलं 'नीट' काही गेलं नाही. मी एक नाव बदललं, एका ठिकाणी राहिलेला पूर्णविराम दिला, आणि पुन्हा तपासतील म्हणून वाट पाहत बसले.

तिथे कुणी पुन्हा तपासत नसतं. फक्त किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या म्हणजे मंजूर. नवख्याला स्वतः बदल आत टाकता येत नाही. 'माझ्या वतीने टाकाल का' एवढं त्याने विचारायचं. नियमांच्या पानावर हे मी वाचलं होतं. पण 'नीट कर' म्हटलंय म्हणजे मंजुरी मिळालीच नाही असं धरून चालले होते, आणि विचारायची वेळ आली नाही हे मला बरंच वाटत होतं.

तीन आठवडे गेले. तो प्रकल्प कुणासाठी थांबत नाही. सकाळी ताजी प्रत उतरवली की कितीतरी बदल येऊन पडलेले असायचे. एकदा माझ्या ओळी होत्या त्या फाईलच्या कुणीतरी तीन फायली केल्या. मी ओळी नव्या जागी बसवल्या. लॅपटॉपवर अख्खा कंपायलर नव्याने तयार व्हायला दुपार लागली, त्यात मध्येच लाईट गेली. पुढच्या आठवड्यात तिथल्या फंक्शनचं नावच बदललं. पुन्हा बसवल्या. कुणी काही म्हणालं नाही.

आई मेथी निवडत होती. "घेतलं का तुझं ते त्यांनी?"

"नाही अजून."

"इच्यारलंस?"

"असं विचारत नसतात, आई."

"काहून? त्यांला काय सपान पडून राहिलं, का हिंगोलीला एक पोरगी वाट बघून राहिली म्हणून?"

मी हसले नाही. पण त्याच दुपारी एक वाक्य लिहिलं, चारदा खोडलं, आणि पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: माफ करा, मला वाटलं तुम्हाला स्वतः टाकायची परवानगी आहे, मी तर तेव्हाच मंजूर केलं होतं, टाकतो. थोड्या वेळात चारही ओळी आत होत्या. मी ते पान कितीदा तरी उघडून पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं.

"मंग आता बोलवतील का तुला?"

"नाही. तसं नसतं."

"दुसरं काही?"

"नाही."

ती भाकरी थापत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग इतके दिस काहून रडून राहिली होतीस?"

मला वाटत होतं, लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही.