माझ्या रूटमधलं काकींचं खळं

मंडळी, गेल्या वर्षी मी ग्रुपवर टाकलेला मालगुंडचा रूट ज्यांनी सेव्ह केलाय, त्यांनी हे वाचाच.

आज सकाळी रत्नागिरीहून तोच रूट लावून पुन्हा निघालो. कातळाचा सपाट सडा संपला, उतार लागला आणि ॲपने डावीकडे वळायला सांगितलं. वळलो तर समोर एक घर आणि बांबूचं सताड उघडं फाटक.

तेव्हा आठवलं. रूट रेकॉर्ड करताना मी इथेच चुकलो होतो. या घरातल्या काकींनी फाटक उघडून मला घरापुढच्या खळ्यातून पलीकडच्या रस्त्याला लावलं होतं. तेही रेकॉर्ड झालं आणि मी न बघता तसंच शेअर केलं.

आज काकी आमसुलं वाळत घालत होत्या, पण अर्ध्याच खळ्यात.

गाडी बंद करून विचारलं, "काकी, उरलेलं खळं मोकळं का ठेवलंत?"

"आज रविवार ना. खूप गाड्या येतात. जावा तुम्ही, वाट ठेवलीय."

"एवढ्या गाड्या! कुणाला अडवलं नाहीत?"

"बिचारे रस्ता चुकून येतात हो. त्यांना नको कसं म्हणायचं?"

गाडी वळवली आणि मोठ्या रस्त्याने गेलो. दहा मिनिटं जास्त लागली, बस.

दुरुस्त केलेला रूट कमेंटमध्ये टाकलाय. जुना आजच डिलीट करा.

पण आपल्यातलं कुणीच रस्ता चुकलेलं नव्हतं, हे काकींना कोण सांगणार?