जुल्फिकारभाईंचा खरा काटा
बावीस वर्षं कुवेतात वजनकाटे दुरुस्त करून जुल्फिकारभाई २००९ साली महाडला परतले, ते खोट्या काट्याची चीड घेऊनच. सोबत टीव्हीला जोडून, वर उभं राहून खेळायचा एक स्वस्तातला पाट होता. खेळ गेला चुलीत. टाच जमिनीवर टेकून पायाच्या बोटांनी पाट दाबला, की बोटांचा जोर टीव्हीवर किलोत दिसे.

हिरकणीवाडीचा श्रीपत रायगडावर डोली वाहायचा. हल्ली पायऱ्यांवर त्याची बोटं पकड घेईनात. भाईंनी त्याला तीनदा पाट दाबायला लावला. तिन्ही वेळा चार किलो! भाईंची कळी खुलली.

“अडाकलाय तुमचा पाट,” श्रीपत म्हणाला. “दवाखान्यात बीपी दर टायमाला येगळं येतं. ह्यो हलतच नाय!”

“अरे, खरा काटा असाच असतो! चारच किलो म्हणजे जोर कमी झालाय तुझा, डोली थांबव!”

श्रीपत हसत निघून गेला. आठवड्याने पायरीवरून घसरून लंगडत आला. आकडा पुन्हा चारच. भाईंनी टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्याला पुन्हा तीनदा पाट दाबायला लावला आणि दातओठ खात, जन्मात पहिल्यांदा, खोटी वजनं सांगितली, “सहा... तीन... साडेचार.”

“आत्ता झाला दुरुस्त!” श्रीपत खूश झाला. “बोला भाई, डोली किती दिस थांबवू?”