कौसल्येनं कोर्टात लिहून दिलेला जाळ

उमरीला लेकीकडं मेथी निवडत बसले होते, तेव्हा माझ्या मुलाचा फोन आला. "आई, काकू गेली." मी म्हटलं, कुठं गेली? कोर्टाची तारीख तर पुढच्या महिन्यात हाय... पलीकडं तो रडायला लागला तेव्हा कळलं. कौसल्या, माझी धाकटी जाऊ. सव्वा महिना झाला आता.

बिलोलीजवळ आमचं गाव. दोघींच्या उसाला मध्ये एकच बांध. दीर लवकर गेले, मूलबाळ नाही, रान तिच्याच नावावर. ऊन दरसाल वाढून राहिलं, हरभरा फुलातच करपायला लागला, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी ठरवलं, कोर्टात जायचं. कोळसा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यानं हवा तापवणारा वायू किती सोडावा, याला मर्यादा घालून घ्यायची. पण अर्जावर नाव कोणाचं? पुरुष माणसं एकमेकांकडं बघत बसली. कौसल्या म्हणाली, "लिवा माझं. मला घरी कोण रागावणार हाय?"

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. त्यात होतं, आम्ही शेतकरी धूर करत नाही. "थांबा ताई," ही म्हणाली, "हे खोटं हाय. ऊस गेला की पाचट पेटवितो आम्ही." माझे मालक लई चिडले, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस म्हणाले. पण तिनं तसंच लिहायला लावलं, आणि यापुढं पेटवणार नाही हेही. मग घरोघर हात जोडत हिंडली, वाळला पाला सरीत कुजू द्या म्हणून.

आणि चुकलं कोण? मीच. जन्माची सवय... ऊस गेला, वारा पडलेला होता, सकाळीच काडी लावून घरी आले. चहाला आधण ठेवलं आणि आठवलं. पळत गेले तर कौसल्या ओल्या पोत्यानं जाळ झोडपत होती, भुवया करपलेल्या. "अक्का, कोर्टात खोटी पडले की हो मी!" एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी बस धरून वकीलबाईंकडं गेली आणि तेही लिहून दिलं. मी भांडले, "माझं नाव घातलंस कोर्टात?"

"नाव न्हाई घातलं. थोरली जाऊ, वय झालंय, विसरते, एवढंच घातलं."

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही! पुढं कारखान्याच्या वकिलानं त्याच जाळाचा फोटो कोर्टात दाखवला, म्हणाला, ही बघा यांची कळकळ. आमच्या वकीलबाईंनी कागद पुढं केला, हे आम्ही आधीच सांगितलंय म्हणून. अर्ज टिकला. कौसल्या बसमधून उतरली ती थेट माझ्या दारात. "अक्का, तुमचा जाळ आज विझला. च्या टाका आता."

ती गेल्यावर वकीलबाई भेटायला आल्या. तिच्या जागी कुणी उभं राहिलं नाही तर सगळं इथंच थांबेल, म्हणाल्या. सगळे पुन्हा एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हटलं, मी हाय की. शाळा मी पाहिली नाही, लेकरांच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले, सहीला वेळ लागतो. वकीलबाई थांबल्या तेवढा.

परवा पहिल्यांदा कोर्टात गेले. दालनाच्या दारात शिपाई म्हणाला, "मावशी, चपला घाला, इथं काढायच्या नसतात." खाली बघितलं तर खरंच, कधी काढल्या कळलंच नाही. तो हसला. "बिलोलीकडच्या एक बाई येतात, त्या पण दर तारखेला इथंच काढतात. किती सांगितलं, ऐकतच न्हाईत. आज दिसल्या न्हाईत..."

"त्यांच्या बदली मी आले," म्हटलं, आणि चपला भिंतीकडं सारून तशीच आत गेले.